ज्येष्ठांसाठी निवासी व साहाय्यक देखभाल

वार्धक्य, दीर्घ आजार किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे रोजचे व्यवहार एकट्याने उरकणे कठीण झालेल्या व्यक्तींसाठी असलेल्या निवासाच्या व सेवांच्या व्यवस्था. यात दिवसातून तासभर घरी येणाऱ्या मदतनिसापासून चोवीस तास परिचारिका असलेल्या शुश्रूषा केंद्रापर्यंत अनेक प्रकार मोडतात. कोणाला कोणती व्यवस्था लागेल, हे वयावरून ठरत नाही. नव्वदीतली व्यक्ती स्वतंत्र राहू शकते, तर पक्षाघात झालेल्या पासष्टीतल्या व्यक्तीला उठवून बसवायलाही दोन माणसे लागू शकतात.

गरज मोजण्यासाठी दोन याद्या प्रचलित आहेत. अमेरिकी वैद्यक सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अंघोळ, कपडे घालणे, शौचालयात जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे ही सहा मूलभूत कामे निश्चित केली. लॉटन व ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांच्या १९६९ च्या यादीत फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे व पैशांचे व्यवहार येतात. बहुधा दुसऱ्या यादीतली कामे आधी हातची सुटतात : एकच बिल दोनदा भरले जाते, गोळ्यांच्या डबीतला मंगळवारचा कप्पा गुरुवारीही भरलेलाच दिसतो. पहिल्या यादीत साधारणपणे अंघोळ सर्वांत आधी जड जाते आणि स्वतःच्या हाताने जेवणे सर्वांत शेवटी सुटते.

दुसऱ्या यादीपुरतीच अडचण असेल, तर बहुतेकांचे घरीच भागते. मदतनीस, फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका ठरल्या वेळी येते. न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवले जातात, उंबरे काढले जातात. दिवसभराच्या केंद्रात जेवण, व्यायाम व सोबत मिळते आणि संध्याकाळी माणूस घरी परततो. सांभाळणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून काही दिवसांपुरते निवासी केंद्रात ठेवण्याचीही सोय असते. ही सोय फार उशिरा वापरली जाते. तोवर सांभाळणाराच आजारी पडलेला असतो.

ज्येष्ठांसाठीच्या स्वतंत्र निवासात आपले घर, सामायिक भोजनगृह आणि संकटकाळची घंटा असते, शुश्रूषा नसते. सहाय्यित निवासात खोली स्वतःची, पण अंघोळ, कपडे, औषधे यांसाठी कर्मचारी हाताशी असतात. शुश्रूषा केंद्रात यापुढची पायरी येते : नळीने अन्न देणे, जखमांची मलमपट्टी, अंथरुणाला खिळलेल्याची कूस ठरावीक वेळाने बदलणे. कूस बदलायची राहिली, तर माकडहाड व टाचा यांवरची त्वचा लाल होते आणि पाहता पाहता तिथे शय्याव्रण होतो. म्हणून माहितीपत्रकातल्या बागेपेक्षा रात्रपाळीला किती माणसे जागी असतात, हे विचारणे अधिक उपयोगाचे. रुग्णाला पलंगाला वा खुर्चीला बांधून ठेवण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने तिला मोठा लगाम बसला.

स्मृतिभ्रंश झालेल्यांची अडचण वेगळी. पाय धड असतात, पण परतीची वाट आठवत नाही. त्यामुळे त्यांच्या विभागांत दारे सुरक्षित ठेवतात आणि फिरायला मोकळा, वळून पुन्हा त्याच जागी येणारा रस्ता करतात. नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या होगेवेक वसाहतीत रहिवासी लहान गटांनी घरांत राहतात. आवारातच चौक, दुकान व उपाहारगृह आहे. हा सगळा देखावा असल्याची टीका तिच्यावर होते. मात्र कुलूपबंद वॉर्डापेक्षा तो निश्चितच माणुसकीचा आहे.

आजार बरा होण्यापलीकडे गेल्यावर वेदनाशमनावर भर देणारी हॉस्पिस सेवा घरी किंवा केंद्रात मिळते. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेले सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस हा या आधुनिक चळवळीचा आरंभ मानला जातो.

खरा पेच खर्चाचा असतो, कारण देखभाल वर्षानुवर्षे चालते आणि साधारण आरोग्य विमा तिला क्वचितच पुरतो. जर्मनीने १९९५ मध्ये व जपानने २००० मध्ये यासाठी सक्तीचा स्वतंत्र विमा सुरू केला. दोन्हीकडे आधी गरजेची श्रेणी ठरते व तीवरून मदत ठरते. जर्मनीत पूर्वी श्रेणी ठरवताना शारीरिक मदतीला लागणाऱ्या मिनिटांवर भर असे, त्यामुळे हिंडत्याफिरत्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना कमी मिळे. २०१७ पासून पाच श्रेणी करून स्वावलंबन किती उरले आहे, हे पाहिले जाते.