पात्रं निवडण्याआधी एवढं वाचा
खान्देशात सिनेमा, लघुपट किंवा अहिराणी गाण्याचा व्हिडिओ करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पैसा कमी असला की पहिली काट बसते ती ऑडिशनला. मित्र, भाचा, ओळखीतला देखणा मुलगा, झालं कास्टिंग. मग सातव्या दिवशी नायक साखरपुड्याला निघून जातो आणि शूट बंद पडतं. पंधरा दिवसांच्या शूटसाठी दोन दिवस ऑडिशनला द्याच.

तारीख ठरवताना आधी शेतीकडे बघा. कापूस वेचणी, लग्नसराई, कानबाईचा सण या दिवसांत गावाकडचा कलाकार मोकळा नसतो. मे महिन्यात सकाळी आठ ते बारा एवढंच धरा. जागा चारचौघांतली हवी: शाळेचा वर्ग, वाचनालय, मंगल कार्यालय. लॉजच्या खोलीत आम्ही ऑडिशन घेत नाही. मुलीसोबत घरचं माणूस आलं तर त्यालाही खुर्ची द्या. शहादा-चोपड्याहून आलेल्यांचा नंबर आधी लावा, त्यांना परतीची एसटी गाठायची असते. आणि कलाकाराकडून ऑडिशनचे पैसे घ्यायचे नाहीत. घेणाऱ्याचं काम आम्ही करत नाही.

दीड पानाचा सीन दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. रडारडीचा नको, समोरच्याचं ऐकावं लागेल असा. समोरचे संवाद दिग्दर्शकाने वाचू नयेत. त्याची नजर कागदात अडकली की कलाकाराचा चेहरा हुकतो. मोबाईल स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला, खिडकीचा उजेड समोरून, पंखा बंद.

पहिल्यांदा कलाकाराला त्याच्या मनाने करू द्या. खरी परीक्षा दुसऱ्या वेळी. 'हेच बोल, पण आई शेजारच्या खोलीत झोपलीय.' हे ऐकून ज्याचं बोलणं बदललं, तो कामाचा. पाठ केलेलंच पुन्हा म्हणणारा सेटवर दहा टेक घेतो. तमाशा आणि वहीगायन या लोककलांतली मंडळी आवाज लांब फेकतात, तेवढ्यावरून त्यांना नाकारू नका. 'ओट्यावर शेजारी बसलेल्याला सांगा' म्हणून पाहा, आवाज आपोआप खाली येतो.

बोलीकडे मात्र डोळेझाक नको. धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-यावलची लेवा गणबोली एकाच घरातल्या आई-मुलाच्या तोंडी आली, तर आपला प्रेक्षक पहिल्याच वाक्याला ओळखतो. 'कथा जाई राह्यना, भाऊ?' (कुठे चाललास, भाऊ?) हे ज्याच्या तोंडून सहज येतं त्यालाच तो संवाद द्या.

निवड झाली की त्याच आठवड्यात लेखी करार करा: मानधन, तारखा, प्रवास, जेवण, आणि शूट संपेपर्यंत केस-दाढीला हात न लावण्याची अट. निवड न झालेल्यांनाही फोन करा, पुढच्या सिनेमाला हीच माणसं लागतात.

चौदा वर्षांखालचं मूल असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. 2017 च्या नियमांप्रमाणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. या अर्जाची कागदपत्रं आम्ही तयार करून देतो. शूटच्या निदान महिनाभर आधी पटकथा आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत घेऊन या.