३७७ गेलं, मग ही कात्री कुठली?
माध्यमांतल्या समलिंगी विषयावरच्या सरकारी बंधनांची पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातलं मुरुड म्हटलं की लोकांना धोंडो केशव कर्वे आठवतात. त्यांच्या मुलाचं, रघुनाथरावांचं नाव तितक्या सहज निघत नाही. र. धों. कर्वे याच मुरुडात १८८२ साली जन्मले. मुंबईत गणिताचे प्राध्यापक झाले, संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून नोकरी सोडावी लागली, आणि जुलै १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक पत्रानं प्रश्न विचारायचे आणि कर्वे छापून उत्तरं द्यायचे. लैंगिक विषयावर मराठीत इतकं सरळ उत्तर मिळण्याची दुसरी जागा तेव्हा नव्हती.

१९३१ मध्ये एका लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड बसला. १९३४ मध्ये दुसरा खटला आला तो थेट या प्रश्नोत्तरांवरूनच. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल वाचकांनी विचारलं होतं, कर्व्यांनी उत्तर दिलं होतं. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, आणि बालपणीचा काही काळ त्यांचा दापोलीत गेला. म्हणजे शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतली ही दोन माणसं मुंबईच्या न्यायालयात एका बाजूला उभी होती. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता की लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही, लोक अडचण विचारतात तेव्हा त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या अभ्यासाचा आधार घेतला आणि ती ओढ उपजत असेल तर त्यात गैर काय, असं विचारलं. खटला ते हरले. दंड २०० रुपये झाला.

हा खटला नीट पाहायला हवा, कारण आजपर्यंतच्या बंधनांची सगळी रचना त्यात दिसते. कर्व्यांवर कलम ३७७, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंडसंहितेतलं कलम, लावलेलं नव्हतं, आणि लावता आलंही नसतं. ३७७ कृतीला शिक्षा करायचं. बोलणं, लिहिणं, दाखवणं याला ते लागू होत नव्हतं. बोलण्याला अडवायचं ते कलम २९२, अश्लीलतेचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. पण २९२ तिथे कलम २९४ होऊन शाबूत आहे. ‘आता कायदा बदललाय, मग अजून कात्री का?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बदलला तो कृतीवरचा कायदा, दाखवण्यावरचा नव्हे.

‘अश्लील’ म्हणजे काय, हे १८६० च्या दंडसंहितेत सांगितलेलं नव्हतं. न्यायालयांनी १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्यातली कसोटी उचलली. ज्यांचं मन सहज बिघडू शकतं अशा माणसाच्या हाती हे पडलं तर काय होईल, असा तो प्रश्न होता. लेखकाचा हेतू काय, पुस्तक एकूण काय सांगतं, हे त्यात गौण होतं. सर्वांत कच्च्या मनाचा वाचक कल्पायचा आणि त्याच्या मापानं सगळ्यांचं वाचन कापायचं. शिवाय १८९८ च्या टपाल कायद्यानं अश्लील छापील मजकूर टपालानं पाठवायलाही बंदी होती. वर्गणीदारांवर चालणाऱ्या मासिकाला हा दुहेरी फास होता.

स्वातंत्र्यानंतरही कसोटी तीच राहिली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या खटल्यातले रणजित उदेशी मुंबईतल्या एका पुस्तकांच्या दुकानाचे भागीदार होते, आणि दंड होता २० रुपये. पण या निकालाची सावली पुढची ५० वर्षं पडली. मराठीत त्याच सुमारास चंद्रकांत काकोडकरांच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवर खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. त्याच वर्षी २९२ मध्ये दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठीचं प्रकाशन वगळलं गेलं. कर्व्यांना १९३४ मध्ये हे संरक्षण मिळालं असतं तर ‘समाजस्वास्थ्य’चा बचाव फार वेगळा झाला असता. दुसरीकडे शिक्षाही वाढल्या. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. हिकलिन कसोटी सर्वोच्च न्यायालयानं बाजूला सारली ती थेट २०१४ मध्ये, अवीक सरकार खटल्यात. आता कृती एकूण पाहायची आणि आजच्या समाजाचे मापदंड लावायचे.

छापील मजकुरावर कारवाई होते ती छापल्यानंतर. नाटक आणि सिनेमाचं तसं नाही, तिथे आधी परवानगी घ्यावी लागते. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण सगळा खेळ त्यात आहे.

महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. हे मंडळ १९५४ पासूनचं. सदस्य संहिता वाचतात, आक्षेपार्ह वाटेल ते काढायला सांगतात, मग प्रमाणपत्र मिळतं. प्रयोगाचा परवाना त्यानंतर. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हौशी मंडळांना ही वाट पाठ असते. अडचण कुठे येते ते सांगतो. मंजूर झाली ती लिहिलेली संहिता. प्रयोगात नटानं मालवणीत दोन वाक्यं आयत्या वेळी टाकली तर ती मंजुरीबाहेरची. तक्रार झाली तर पोलीस संहितेशी ताडून पाहू शकतात. विषय समलिंगी नात्याचा असला की तक्रार होण्याची शक्यता वाढते, म्हणून लेखक आधीच पात्राचं नातं ‘जिवलग मैत्री’पर्यंत खाली आणतो. मंडळाची लाल रेघ न लागताच नाटक कापलं जातं, आणि अशा कापणीची नोंद कुठल्याच फायलीत सापडत नाही.

तरीही मराठी रंगभूमीनं हा विषय लवकर घेतला, हे अभिमानानं सांगायला हवं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. नायिका सुमित्रा, जिला बाईची ओढ आहे, ती भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. ३७७ तेव्हा पूर्ण जोरात होतं. त्याआधी ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना मंडळाविरुद्ध उच्च न्यायालयात जावं लागलं होतं, आणि ते जिंकले होते. संहिता आधी तपासण्याच्या पद्धतीलाच २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

सिंधुदुर्गातल्या दशावताराकडे पाहिलं की वेगळीच गोष्ट लक्षात येते. जत्रेच्या रात्री देवळाच्या बाजूला, पेटाऱ्यावर आरसा टेकवून स्त्रीपार्टी कलाकार बसलेला असतो. तोंडाला रंग लावतो, भुवया कोरतो, लुगडं चापूनचोपून नेसतो, आणि पहाटेपर्यंत गाव त्याला राणी म्हणून बघतं. आख्यान ठरलेलं, संवाद मात्र आयत्या वेळचे. कापायला लिहिलेली संहिता मुळात हातात नाही. पुरुषाच्या अंगावरचं लुगडं कोकणाला परकं नाही. पण वेष घालणं वेगळं आणि ‘मी असा आहे’ हे वाक्य बोलणं वेगळं. दशावतारातल्या लुगड्याचा दाखला देऊन ‘आमच्याकडे हे सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. सेन्सॉर अडवतो ते दुसरं.

सिनेमाला १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा लागू आहे. आधी तपासणं घटनेत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये के. ए. अब्बास खटल्यात मान्य केलं. रोजच्या कामात चित्रपटांच्या सेन्सॉर मंडळाचे सदस्य उघडतात ती मात्र ६ डिसेंबर १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं. त्यांत एक कलम आहे: लैंगिक विकृतीची दृश्यं टाळावीत, विषयाला आवश्यकच असतील तर किमान ठेवावीत आणि तपशील दाखवू नये. समलिंगी हा शब्द तिथे नाही. ‘विकृती’मध्ये काय बसवायचं ते बघणाऱ्यावर सोडलेलं आहे, आणि वर्षानुवर्षं त्यात दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं नातं बसवलं गेलं.

दीपा मेहतांचा ‘फायर’ १९९८ मध्ये मंडळानं कात्री न लावता ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र देऊन सोडला होता. हिंदी आवृत्तीत फक्त सीताचं नाव नीता झालं. डिसेंबरात मुंबईत चित्रपटगृहांची तोडफोड झाली आणि सरकारनं चित्रपट पुन्हा मंडळाकडे पाठवला. दगड मारणाऱ्यांवर लक्ष द्यायचं सोडून चित्रपटाचीच दुसऱ्यांदा तपासणी! फेब्रुवारी १९९९ मध्ये तो पुन्हा, काही न कापता सुटला. श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’चं नशीब तसं नव्हतं. २००३ चा हा छोटा चित्रपट मंडळानं तीनदा नाकारला. ‘अनफ्रीडम’ला २०१५ मध्ये प्रदर्शनाची परवानगी मिळाली नाही. २०१६ मध्ये ‘अलिगढ’च्या ट्रेलरला ‘ए’ मिळालं, म्हणजे तो फक्त ‘ए’ चित्रपटाआधीच दाखवता येणार. तो चित्रपट ज्यांच्यावर आहे ते रामचंद्र सिरस अलिगढ विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक आणि मराठी कवी. आपल्या भाषेच्या माणसाची गोष्ट, आणि ट्रेलरसुद्धा मोठ्यांपुरता.

‘ए’ म्हणजे बंदी नव्हे, असं मंडळ म्हणू शकतं. मुंबई-पुण्यात ते बऱ्यापैकी खरं आहे. कोकणात नाही. कारण इथे बहुतेक गावांना थिएटरच नाही, पडदा म्हणजे टीव्ही. केबल टेलिव्हिजनचा कायदा १९९५ चा, आणि त्याखालच्या नियमांनुसार वाहिन्यांना सर्वांसाठी योग्य असलेलेच चित्रपट दाखवता येतात. २००५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ‘ए’ चित्रपट टीव्हीवरून जवळपास गेलेच. मग निर्माते काय करतात? चित्रपट पुन्हा कापतात, ‘यूए’ (मुलांना पालकांच्या देखरेखीत चालेल असं प्रमाणपत्र) मागतात आणि वाहिनीला विकतात. पण विषयच आक्षेपार्ह मानला तर कापणार काय? मार्च २०१७ मध्ये ‘द डॅनिश गर्ल’चं टीव्हीवरचं प्रक्षेपण नेमकं यातच अडकून रद्द झालं. दृश्यं नव्हे, लिंगबदलाचा विषयच मुलांसाठी अयोग्य ठरला. कौलारू छपरावर छत्री लावून बसलेल्या घराच्या दृष्टीनं हा चित्रपट बंदच होता.

आज वेंगुर्ल्यात किंवा गुहागरात कुणी या विषयावर लघुपट करत असेल तर एवढं ठाऊक हवं. वाडीतल्या मैदानात कापड बांधून दाखवणं हेही सार्वजनिक प्रदर्शनच, प्रमाणपत्र लागतं. महोत्सवासाठी केंद्राकडून सूट मागता येते. मुंबईतला समलिंगी विषयांवरच्या चित्रपटांचा कशिश महोत्सव २०१० पासून असाच चालतो. मंडळानं कट सांगितले तर यादी आणि कारणं लेखी घ्या, तोंडी सूचनेवर दृश्य काढू नका. ‘विकृती’चं कलम पुढे केलं तर त्याच तत्त्वांतलं तिसरं कलम दाखवा. चित्रपट एकूण परिणामावरून आणि आजच्या मापदंडांनी तपासावा, असं तिथे लिहिलंय. सोबत २०१८ चा निकाल जोडा. समलिंगी असणं ही विकृती नाही, हे त्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय. पुढची पायरी पुनर्परीक्षण समितीची. त्यानंतर पूर्वी दिल्लीत अपील न्यायाधिकरण होतं, तिथे तुलनेनं स्वस्तात दाद मिळायची. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद झालं. आता ३० दिवसांत थेट उच्च न्यायालय. सावंतवाडीच्या मुलाला हा खर्च झेपत नाही, तो कट मान्य करून मोकळा होतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सर्वांत नुकसानकारक पाऊल हेच. २०२३ च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे ७, १३, १६ असे तीन वयोगट केले, ते चांगलं झालं.

फोनवरच्या पडद्याला आधी परवानगी लागत नाही. सेन्सॉरनं तीनदा नाकारलेला ‘गुलाबी आईना’ पुढे नेटफ्लिक्सवर आला. २०२१ च्या नियमांनी मात्र ओटीटीवर वयोगट आणि तीन पातळ्यांची तक्रार व्यवस्था आणली, तिसरी पातळी सरकारची. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. स्वतःचा व्हिडिओ टाकणाऱ्याला लागू होतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. त्याची भाषा वाचली की १८६८ ची ती कसोटी शब्दाशब्दांतून पुन्हा डोकावते.

२०१८ च्या निकालातला एक आदेश मात्र सहसा कुणी सांगत नाही. न्यायमूर्ती नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात केंद्र सरकारला सांगितलं की या निकालाला टीव्ही, रेडिओ, छापील आणि ऑनलाइन माध्यमांतून ठरावीक काळानं प्रसिद्धी द्यावी, म्हणजे या लोकांवरचा कलंक कमी होईल. कर्व्यांना ज्या बोलण्यासाठी दंड झाला, ते बोलणं आता सरकारचं काम आहे. आकाशवाणीची केंद्रं रत्नागिरीत आहेत, सिंधुदुर्गात आहेत. सप्टेंबर २०१८ पासून या निकालावर किती कार्यक्रम झाले, कोणत्या तारखांना आणि किती मिनिटांचे, एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.