एकाच आकाराची दोन भोकं: एफएक्सएस आणि एफएक्सओ

ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या जुन्या यंत्राची, कामं करणारा माणूस आयपी-पीबीएक्स, म्हणजे तेच काम कॉम्प्युटर नेटवर्कवरून करणारं यंत्र, शिकायला बसला की त्याला एसआयपी, कोडेक, व्हीलॅन या शब्दांची धास्ती वाटते. ते महिन्याभरात अंगवळणी पडतं. गाडी अडते ती भलतीकडेच. नव्या खोक्याच्या मागे आरजे-११ ची, म्हणजे टेलिफोनची वायर बसते तशी, चार भोकं असतात. दोनांवर एफएक्सएस छापलेलं, दोनांवर एफएक्सओ. हातात पी अँड टीची, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या बाहेरून आलेल्या लाइनची, दोन तारांची जोडी घेऊन उभं राहायचं आणि ती कशात खुपसायची ते कळत नाही.

मी पहिल्याच कामात आपटलो. एका पतसंस्थेत तीन पी अँड टी लाइन होत्या, त्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या पीबीएक्सला जोडायच्या होत्या. मला हवा होता ग्रँडस्ट्रीम कंपनीचा जीएक्सडब्ल्यू ४१०४ गेटवे, म्हणजे साध्या लाइन नेटवर्कला जोडणारं खोकं, आणि फोनवर ऑर्डर देताना मी सांगून बसलो ४००४. दोघांनाही चारच पोर्ट, नावात फरक एका आकड्याचा. पण ४१०४ म्हणजे चार एफएक्सओ आणि ४००४ म्हणजे चार एफएक्सएस. मॅनेजरसाहेब शेजारी उभे. मी तिन्ही लाइन लावल्या, मोबाइलवरून नंबर फिरवला, आणि आत काही रिंग येईना. तासभर मी आयपी अ‍ॅड्रेस तपासत होतो! खोकं जळलं नाही हे नशीब.

खरं तर हा फरक तुम्हाला आधीपासून येतो, फक्त या नावांनी येत नाही. जुन्या ईपीएबीएक्सवर एका बाजूला एक्स्टेन्शनचे पोर्ट असतात, दुसऱ्या बाजूला पी अँड टीचे, म्हणजे ज्यांना कोणी सीओ म्हणतं, कोणी ट्रंक. (पोस्ट अँड टेलिग्राफ खातं १९८५ सालीच दोन झालं, तरी आपली लाइन अजून पी अँड टीचीच.) एक्स्टेन्शनच्या पोर्टाला साधा फोन लावला की टोन येतो. तो एफएक्सएस. पी अँड टीच्या पोर्टाला बाहेरून आलेली लाइन लावतो, तिथे टोन आपण घेतो. तो एफएक्सओ. एक टोन देणारा, एक टोन घेणारा. एक फोनला वीज पुरवतो आणि घंटी वाजवतो. दुसरा स्वतःच फोनचं सोंग घेतो: घंटी आलेली ओळखतो, उचलतो, नंबर फिरवतो, ठेवतो.

मग घोळ होतो कशाने? नावाने. एफएक्स म्हणजे फॉरेन एक्स्चेंज. फॉरेन म्हणजे परदेश नव्हे, परक्या भागातलं एक्स्चेंज. गिऱ्हाइकाला आपल्या भागातल्या एक्स्चेंजऐवजी दुसऱ्या भागातल्या एक्स्चेंजचा टोन हवा असला की तशी लाइन ओढून देत. त्या लाइनच्या दोन टोकांना दोन यंत्रं. गिऱ्हाइकाच्या टोकाला टेलिफोन, म्हणजे स्टेशन, म्हणून ते एस. एक्स्चेंजच्या टोकाला ऑफिस, म्हणून ओ. थोडक्यात, पोर्टाचं नाव हे त्या पोर्टाचं नसून त्याच्यासमोर कोण बसलंय त्याचं आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पुण्यातच आहे, उत्तरेला तोंड करून उभा आहे म्हणून त्याला दिल्लीचं नाव. तसंच एफएक्सओचं तोंड ऑफिसकडे आणि एफएक्सएसचं तोंड स्टेशनकडे. हे एकदा बसलं की 'ओ म्हणजे आउटगोइंग' वगैरे चुकीच्या खुणा डोक्यातून काढून टाका. एफएक्सओवरून इनकमिंगही येतं.

एवढं पाठ होतं न होतं तोच अ‍ॅस्टरिस्क हे पीबीएक्स चालवणारं सॉफ्टवेअर पुन्हा उलटं करून ठेवतं. अ‍ॅनालॉग कार्डाच्या सेटिंगच्या फाइलीत एफएक्सओ पोर्टाला सिग्नलिंग एफएक्सएसचं लिहावं लागतं आणि एफएक्सएस पोर्टाला एफएक्सओचं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते आणि तो ती 'दुरुस्त' करतो. चूक नाही ती. पोर्टाचं नाव सांगतं समोर कोण आहे, सिग्नलिंगचं नाव सांगतं आपण कोणासारखं वागायचं. समोर ऑफिस असेल तर आपण स्टेशनासारखं वागायचं.

ज्यांनी डिजियम कंपनीचं टीडीएम४०० हे कॉम्प्युटरमध्ये बसणारं फोन लाइनचं कार्ड हाताळलंय त्यांना आणखी एक खूण माहीत असेल. त्यावर बसणारं लाल मॉड्यूल एफएक्सओ, हिरवं एफएक्सएस. हिरवं बसवलं की कार्डाला कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायची चार पिनांची वायर वेगळी जोडावी लागते, लालला लागत नाही. फोनला करंट द्यायचा आणि घंटी वाजवायची तर ताकद कुठून तरी यायला हवी ना.

छापील अक्षरांवर विश्वास न ठेवता ओळखायचं असेल तर मीटर काढा. डीसीवर ठेवा, पोर्टातून आलेल्या जोडीच्या दोन तारांवर टोकं टेकवा. एफएक्सएस असेल तर साधारण ४८ व्होल्ट दिसतील, छोट्या अडॅप्टरमध्ये काही वेळा कमी. आता त्याच जोडीवर फोन लावून रिसीव्हर उचला. आकडा धाडकन खाली येईल, दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी. एफएक्सओ असेल तर मीटर शून्यावर ढिम्म, कारण त्याच्याकडे द्यायला काही नाहीच. मीटर नसेल तर एक जुना, वायरवाला फोन बॅगेत ठेवा. टोन आला तर एफएक्सएस, मुकं असेल तर एफएक्सओ. मात्र क्रोनवर, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवर, पंचिंग (तारा दाबून बसवणं) चालू असताना चालू जोडी ओल्या बोटांनी धरू नका. कोरड्या बोटांना ४८ व्होल्ट फारसे जाणवत नाहीत, पण तेवढ्यात कोणी फोन केला तर त्यावर ७५ व्होल्टच्या आसपासची एसी घंटी चढते, आणि ती कोपरापर्यंत पोचते. हे मी शिडीवर उभा असताना शिकलो.

चुकीचं जोडलं तर काय होतं हेही सारखं नाही. एफएक्सओला साधा फोन लावला तर दोघेही समोरचा टोन देईल म्हणून वाट पाहत बसतात. नुकसान शून्य, शांतता पूर्ण. एफएक्सओला एफएक्सओ, तीच गत. पण एफएक्सएसला चालू पी अँड टी लाइन लावली की दोन्हीकडून व्होल्टेज, वर बाहेरून घंटी आली की ती थेट घंटी देणाऱ्याच्या अंगावर. असा पोर्ट मरू शकतो. म्हणून शंका असेल तर आधी मीटर, मग जोडणी.

किती घ्यायचे हा हिशोब सोपा आहे. बाहेरच्या जितक्या तांब्याच्या लाइन तितके एफएक्सओ. जपून ठेवायचे जितके साधे फोन, फॅक्स, दरवाज्याचा अ‍ॅनालॉग फोन, तितके एफएक्सएस. आयपी फोनना यातलं काहीच लागत नाही, ते नेटवर्कच्या स्विचवर जातात. ग्रँडस्ट्रीमच्या यूसीएम६२०४ मध्ये चार एफएक्सओ आणि दोन एफएक्सएस असतात. नवं ऑफिस असेल तर एवढ्यात भागतं. पण बारा जुने फोन ठेवायचेच असा मालकाचा हट्ट असेल तर वेगळा एफएक्सएस गेटवे कोटेशनमध्ये आधीच घाला, नंतर मागितलेला पैसा गोड लागत नाही.

लावून झाल्यावर एफएक्सएस फारसा त्रास देत नाही. त्रास देतो एफएक्सओ, आणि तो दुसऱ्या दिवशी देतो. कारण साधं आहे: समोरच्याने फोन ठेवला हे माणसाला कळतं, एफएक्सओला सांगावं लागतं. अमेरिकेत बरीच एक्स्चेंजेस त्या वेळी लाइनचं व्होल्टेज क्षणभर तोडतात. इथे तुमच्या लाइनवर पोलॅरिटी, म्हणजे दोन तारांचं प्लस-मायनस, उलटत असेल तर उत्तम, नसेल तर एंगेज टोन ऐकून ओळखणं एवढाच मार्ग. आपला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, ७५० मिलिसेकंद चालू, ७५० बंद. अमेरिकेचा ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. खोकं डब्यातून निघालं तेव्हा बहुधा अमेरिकन सेटिंगवर असतं. मग आपला टोन त्याच्या कानावर पडतो, पण त्याला तो बोलण्यासारखाच वाटतो.

त्या पतसंस्थेत बरोबर खोकं बसवल्यानंतर हेच झालं. 'कर्जासाठी एक दाबा' हे ऐकून लोक फोन ठेवत होते आणि पीबीएक्स रिकाम्या लाइनला पर्याय वाचून दाखवत होतं. साडेदहापर्यंत तिन्ही लाइन एंगेज. मॅनेजरसाहेब म्हणाले, "जुनं मशीन बरं होतं हो." टोनचे दोन आकडे बदलले आणि प्रकरण मिटलं.

कॉलर आयडीचंही तसंच. अ‍ॅस्टरिस्कच्या नमुना फाइलीत नंबर कधीपासून ऐकायला लागायचं याचे पर्याय दिलेले असतात, त्यात पोलॅरिटीच्या पर्यायापुढे आयएन जोडलेला एक खास भारतासाठी आहे. नंबर पोलॅरिटी उलटल्यावर डीटीएमएफमध्ये, म्हणजे फोनची बटणं दाबल्यावर येतात तशा टोनमध्ये, येतो, घंटी वाजण्याची वाट पाहिली तर तो निघून गेलेला असतो. एफएक्सएसच्या बाजूला हा प्रश्न उलटा होतो: तिथे आपण पाठवणारे, आणि टेबलावरच्या फोनला जी पद्धत समजते ती निवडायची.

पावसाळ्यात मरतो तोही बहुतेक एफएक्सओच, कारण बाहेरच्या खांबावरून आलेली वायर त्याच्यात शिरते. कोकणात काम असेल तर क्रोनवर जीडी ट्यूब (विजेचा झटका जमिनीत उतरवणारी) आणि नीट अर्थिंग यावर घासाघीस करू नका.

खरी परीक्षा मात्र तेव्हा, जेव्हा मालक म्हणतो, "जुनं ईपीएबीएक्स राहू दे, नवं त्याला जोड." दोन यंत्रांमध्ये एक जोडी टाकायची आहे, आणि दोन्ही तऱ्हा बरोबर आहेत. नव्याचा एफएक्सएस जुन्याच्या पी अँड टी पोर्टात घातला, तर जुन्याला वाटतं आणखी एक बाहेरची लाइन आली. जुन्या फोनवर शून्य दाबलं की नव्याचा टोन मिळतो. उलट, नव्याचा एफएक्सओ जुन्याच्या एक्स्टेन्शन पोर्टात घातला, तर नवं यंत्र जुन्याचं एक एक्स्टेन्शन बनतं, समजा २१५. जुन्या मजल्यावरून २१५ फिरवलं की नवं यंत्र उचलतं. कोणतं करायचं? बाहेरच्या लाइन शेवटी ज्याच्याकडे राहणार, तो टोन देणार आणि दुसरा घेणार. लाइन नव्याकडे जाणार असतील तर पहिली तऱ्हा, जुन्याकडेच राहणार असतील तर दुसरी. मी पहिली पसंत करतो, कारण जुनं यंत्र एक दिवस बंद पडणारच आहे.

आणि हल्ली तांब्याची लाइन काढून फायबर आलं की लोक गोंधळतात. बीएसएनएलचं असो की आणखी कोणाचं, भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला 'फोन' लिहिलेलं भोक असतं. तो एफएक्सएस आहे, टोन तो डबाच देतो, म्हणून तिथून निघालेली जोडी तुमच्या एफएक्सओतच जाणार. रोझेट, म्हणजे लाइन येऊन थांबायची ती भिंतीवरची डबी, गेला, डबा आला, बाकी काही बदललं नाही. फक्त आता ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटरीतून येत नाहीत, त्याच भिंतीवरच्या प्लगमधून येतात. तेव्हा पीबीएक्सला यूपीएस देताना त्या डब्याचा अडॅप्टरही त्याच यूपीएसवर घ्या.