लहान सागरी जलजीवालयातील मत्स्यसंख्या

सु. 150 लिटरपेक्षा कमी पाणी मावणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत किती मासे दीर्घकाळ निरोगी राहू शकतात, हे ठरविण्याच्या पद्धतींचा या नोंदीत विचार केला आहे. टाकीच्या आकारमानावरून मत्स्यसंख्या ठरते असा समज रूढ असला, तरी प्रत्यक्षात पूर्ण वाढ झालेल्या माशांचे वजन, रोजचे खाद्य, गाळणीतील जीवाणूंची क्षमता, विरघळलेला ऑक्सिजन आणि माशांचा क्षेत्ररक्षक स्वभाव यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाते, तीच संख्या ठरविते.

बंदिस्त पाण्यात किती जीव तगतील, हा प्रश्न प्रथम कोणी पद्धतशीरपणे हाताळला याविषयी मतभेद आहेत. झान व्हिलप्रे-पॉवर यांनी सिसिलीत 1832 च्या सुमारास आर्गोनॉट या शीर्षपाद (ऑक्टोपसच्या गटातील) प्राण्याच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या वापरल्या, म्हणून काही लेखक त्यांना अग्रमान देतात. ॲना थिन यांनी 1846 मध्ये टॉर्कीहून लंडनला आणलेली प्रवाळे जगविली. त्यासाठी पाणी वरचेवर ओतून हवेशी खेळविले जाई व पुढे त्यात समुद्री शैवालही ठेवले गेले. रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र गोड्या पाण्यातील मासे, वनस्पती व गोगलगायी यांचा होता. प्राणी व वनस्पती यांच्यातील समतोलाची कल्पना स्पष्टपणे मांडल्यामुळे मत्स्यसंख्येच्या विचाराचा आरंभ वॉरिंग्टन यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. खाऱ्या पाण्यापुरते थिन यांचे प्राधान्य मान्य करावयास हरकत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह 1853 मध्ये खुले झाले.

या जुन्या समतोल-कल्पनेत ऑक्सिजनला मध्यवर्ती स्थान होते. पुढे भर नायट्रोजनकडे वळला. माशांनी उत्सर्जित केलेल्या अमोनियाचे जीवाणू प्रथम नायट्राइटात व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटात रूपांतर करतात. हे काम केवळ जीवाणूंचे असते, असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु सिॲटल येथील सार्वजनिक जलजीवालयातून वेगळा केलेला आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा आर्किया (जीवाणूंहून वेगळा असा सूक्ष्मजीवांचा गट) गटातील जीवही अमोनियाचे ऑक्सिडीकरण करतो, असे आढळले. सागरी टाकीत हा प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असल्याने एकूण अमोनियातील विषारी, अनायनीभूत (विद्युत्भार नसलेला) अंश उदासीन पाण्यातल्यापेक्षा दहापटीहून अधिक असतो. शिवाय 25° से. तापमानाला संपृक्त गोड्या पाण्यात लिटरला सु. 8.3 मिग्रॅ. ऑक्सिजन असतो, तर 35 प्रति हजार लवणतेच्या पाण्यात तो सु. 6.8 मिग्रॅ. एवढाच असतो.

प्रचारात असलेला नियम लांबीवर आधारलेला आहे. गोड्या पाण्यात गॅलनला एक इंच मासा, तर खाऱ्या पाण्यात तीन ते पाच गॅलनांना एक इंच, असे त्याचे स्वरूप आहे. यावरील नेहमीचा आक्षेप असा की, लांबी दुप्पट झाली की वजन सु. आठपट होते. जपानी संशोधक हिरायामा यांनी 1960 नंतरच्या दशकात वाळूच्या गाळणीवर केलेले काम येथे विशेष महत्त्वाचे आहे. त्यांच्या समीकरणात एका बाजूस गाळणीचे क्षेत्रफळ, थराची खोली, पाण्याचा वेग व कणांचा आकार, तर दुसऱ्या बाजूस माशांचे वजन व खाद्य येते. आणि माशाचा भार त्याच्या वजनाच्या सु. 0.54 व्या घाताच्या प्रमाणात धरलेला आहे. याचा अर्थ, खाद्याचे पद बाजूला ठेवल्यास, दहा ग्रॅमचे दहा मासे शंभर ग्रॅमच्या एका माशाच्या जवळजवळ तिप्पट भार टाकतात. एकूण वजन मोजणाऱ्याला हे दोन्ही भार सारखेच दिसतील, तर लांबी मोजणाऱ्याला पहिला साडेचारपटीहून अधिक दिसेल. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये पडते. म्हणून लांबीचा नियम टाकाऊ नसला, तरी तो मोठ्या माशाचा भार कमी लेखतो, हे लक्षात घेऊनच वापरावा.

उदाहरणार्थ, 75 × 40 × 40 सेंमी. मापाची टाकी 120 लिटरची म्हणून विकली जाते. वरची चार सेंमी. जागा मोकळी सोडली आणि खडक व वाळू यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर सु. 90 लिटर पाणी उरते. चार गॅलनांना, म्हणजे सु. 15 लिटरना एक इंच धरल्यास एकूण सहा इंच, अर्थात 15 सेंमी. लांबीचे मासे बसतात; अँफिप्रिऑन ऑसेलॅरिस या क्लाऊनफिशची वाढ झालेली जोडी एवढ्यातच जागा संपविते. चांगले स्किमर (फेसावाटे पाण्यातील सेंद्रिय घाण काढणारे उपकरण) व नियमित पाणीबदल असल्यास ग्रामा लोरेटो या लहान जातीचा एखादा मासा व एखादा लहान गोबी मासा वाढविता येतो. त्यापलीकडे जाणे या लेखकास इष्ट वाटत नाही. निळा सर्जनफिश बाजारात पाच सेंमी.चा मिळत असला, तरी तो 30 सेंमी.पर्यंत वाढत असल्याने अशा टाकीत ठेवू नये.

डॅमसेल माशांसारख्या जाती क्षेत्ररक्षक असल्याने पाणी पुरेसे असूनही संख्या कमी ठेवावी लागते; भांडखोर मासा शेवटी सोडतात. एकेक मासा काही आठवड्यांच्या अंतराने सोडल्यास वाढीव अमोनियाशी जुळवून घेण्यास जीवाणूंना अवधी मिळतो. दिवे मालवल्यावर शैवालही ऑक्सिजन वापरते, त्यामुळे त्याची पातळी पहाटे सर्वांत खाली जाते. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी संख्या या पहाटेच्या हिशेबाने ठरवावी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

भारतात दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे प्रवाळभित्तीवरून काढलेल्या ‘जिवंत खडकावर’ (जीवाणू व इतर जीव वसलेल्या सच्छिद्र खडकावर) पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे विसंबता येत नाही. मृत खडक किंवा सच्छिद्र सिरॅमिक वापरल्यास जीवाणूंची वसाहत सावकाश वाढते आणि पहिले काही महिने मासे कमीच ठेवावे लागतात. कोकण किनाऱ्याजवळच्या पाण्याची लवणता पावसाळ्यात बरीच उतरते, म्हणून घरगुती टाकीसाठी मीठमिश्रणापासून तयार केलेले पाणी अधिक भरवशाचे ठरते.