थोरल्या भावांचा परिणाम

एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे जन्मलेले असतील, तितकी नंतरच्या मुलाचा लैंगिक कल पुरुषांकडे असण्याची शक्यता थोडी थोडी वाढते, असे एक निरीक्षण आहे. ते ‘थोरल्या भावांचा परिणाम’ या नावाने ओळखले जाते. पुरुषांच्या लैंगिक कलावर जन्माआधीच्या कोणत्या जैविक गोष्टींचा प्रभाव पडतो, या संशोधनात सर्वाधिक तपासल्या गेलेल्या आणि अलीकडे जोरदार आक्षेप घेतल्या गेलेल्या निष्कर्षांपैकी हा एक आहे.

कॅनडातील रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९६ मध्ये ३०२ समलैंगिक पुरुषांची तुलना त्याच वर्षी जन्मलेल्या ३०२ भिन्नलिंगी पुरुषांशी केली. प्रत्येक थोरल्या भावामागे समलैंगिक असण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. थोरल्या बहिणींचा तसा परिणाम त्यांना दिसला नाही. पुढे सामोआ बेटांवरील फाआफाफिने (जन्माने पुरुष, पण समाजात स्त्रीसारखे वावरणारे) यांच्यासह अनेक समाजांत याच्याशी जुळणारी आकडेवारी मिळाली.

हा ३३ टक्क्यांचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणून तो नीट उलगडून पाहायला हवा. थोरला भाऊ नसलेल्या पुरुषांमध्ये समलैंगिकांचे प्रमाण २ टक्के धरले, तर एक थोरला भाऊ असलेल्यांत ते सुमारे २.६ टक्के होते, दोन भाऊ असतील तर ३.५ टक्के आणि चार असतील तर ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चार थोरले भाऊ असलेल्या शंभर पुरुषांपैकी चौऱ्याण्णव जण भिन्नलिंगीच असतात. एखाद्या घरातला शेंडेफळ मुलगा पुढे कोणावर प्रेम करील, हे या आकड्यांवरून कोणालाही सांगता येत नाही. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

थोरल्या भावांच्या सहवासात वाढल्यामुळे असे होत असेल, अशी शंका साहजिकच घेतली गेली. बोगार्ट यांनी २००६ मध्ये ९४४ पुरुषांच्या माहितीवरून तिची कसोटी घेतली. त्यांत दत्तक गेलेले आणि सावत्र किंवा दत्तक भावांबरोबर वाढलेले पुरुषही होते. आईच्या पोटी आधी जन्मलेले भाऊ दुसऱ्या घरी वाढलेले असले तरी परिणाम दिसत होता, आणि एका छताखाली वर्षानुवर्षे राहिलेल्या सावत्र वा दत्तक थोरल्या भावांचा काहीच परिणाम दिसत नव्हता. या विषयातला हा सर्वांत देखणा पुरावा म्हणावा लागेल, कारण घर आणि गर्भाशय हे एरवी एकमेकांत गुंतलेले घटक त्यात वेगळे करता आले.

आईच्या शरीराला आधीच्या मुलग्यांची आठवण कशी राहत असेल? याचे उत्तर म्हणून मांडलेली कल्पना प्रतिकारशक्तीवर आधारलेली आहे. मुलग्याच्या पेशींत वाय गुणसूत्रामुळे तयार होणारी काही प्रथिने असतात. स्त्रीच्या शरीरात वाय गुणसूत्र नसल्याने ती तिला परकी. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणात गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात जातात आणि आईचे शरीर त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बनवू शकते. पुढच्या मुलग्याच्या वेळी ही प्रतिपिंडे वारेतून पार होऊन त्याच्या घडणाऱ्या मेंदूपर्यंत पोहोचत असावीत, असे हे गृहीतक सांगते. वैद्यकात याच वळणाची एक गोष्ट पक्की माहीत आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा आरएच पॉझिटिव्ह असेल, तर पहिले बाळ बहुधा सुखरूप असते, पण त्यानंतरच्या बाळाच्या रक्तपेशींवर आईची प्रतिपिंडे हल्ला करू शकतात. अर्थात आरएचचा त्रास हा आजार आहे. लैंगिक कल हा आजार नाही.

बोगार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ च्या अखेरीस या गृहीतकाची थेट रक्तात तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी मेंदूतील पेशींच्या जोडण्यांशी संबंध असलेले न्यूरोलिजिन ४ वाय हे प्रथिन निवडले. समलैंगिक मुलगे असलेल्या ५४ आणि भिन्नलिंगी मुलगे असलेल्या ७२ मातांची रक्ते तपासली. समलैंगिक मुलाला थोरले भाऊ असलेल्या मातांमध्ये या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक आढळले. पण नमुना लहान होता आणि रक्त घेतले तेव्हा मुलगे मोठे झालेले होते. गरोदरपणात नेमके काय घडले, ते यातून कळत नाही.

सगळे समलैंगिक पुरुष या एका कारणात बसत नाहीत, हे उघड आहे. त्यांतले कितीतरी आईचे पहिलेच अपत्य असतात. २००२ च्या एका अंदाजानुसार सात समलैंगिक पुरुषांपैकी सुमारे एकाच्या बाबतीत थोरल्या भावांचा परिणाम लागू पडावा. आनुवंशिकतेचाही वाटा आहे, मात्र एखादे ठरावीक जनुक नाही: सुमारे पाच लाख लोकांच्या २०१९ मधील अभ्यासात असंख्य जनुकांचा प्रत्येकी अगदी बारीक प्रभाव दिसला.

गर्भावस्थेतील संप्रेरकांचा विचार तर याहून जुना आहे. वृषणांतून येणारे टेस्टोस्टेरॉन गर्भाच्या मेंदूला वळण देते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत, पण काही दुर्मीळ घटना बोलक्या आहेत. जन्मजात व्यंग किंवा लहानपणी झालेली इजा यांमुळे काही मुलग्यांवर पूर्वी शस्त्रक्रिया करून त्यांना मुलगी म्हणून वाढवले गेले. अशा ज्या सात व्यक्तींच्या लैंगिक कलाची नोंद २०१६ च्या आढाव्यात घेतली गेली, त्या सातही जणांना आकर्षण स्त्रियांचेच वाटत होते. संगोपनाने कल बदलत नाही, याचा इतका ठसठशीत दाखला दुसरा सापडत नाही. त्या मुलांनी मात्र त्याची फार मोठी किंमत मोजली. तरीही ‘समलैंगिक पुरुषांना गर्भात टेस्टोस्टेरॉन कमी मिळाले’ हे सरळसोट समीकरण टिकलेले नाही. तर्जनी आणि अनामिका यांच्या लांबीवरून गर्भातील संप्रेरकांचा अंदाज बांधतात, पण पुरुषांच्या बाबतीत त्यात कलानुसार फरक आढळला नाही.

या संशोधनाला एक काळी बाजूही आहे. पूर्व जर्मनीतील संप्रेरकतज्ज्ञ ग्युंटर ड्योर्नर यांनी गर्भावस्थेत संप्रेरके देऊन समलैंगिकता ‘टाळण्याची’ शक्यता उघडपणे मांडली होती. त्याआधी कित्येक दशके मनोविश्लेषकांनी वरचढ आई आणि अलिप्त बाप यांच्या माथी दोष मारला. प्रतिपिंडांचे गृहीतक वाचून आज एखाद्या आईने स्वतःला बोल लावावा, असे त्यात काहीही नाही. प्रतिपिंडे तयार होणे कोणाच्या हातात नसते, आणि मुलाच्या प्रेमात दुरुस्त करण्याजोगे काही नसते.

२०२३ मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी या परिणामाच्या पायावरच बोट ठेवले. ज्याला थोरले भाऊ जास्त, त्याला सहसा थोरल्या बहिणीही जास्त असतात आणि त्याचे कुटुंबही मोठे असते. ही गुंतागुंत नीट सोडवली नाही तर नुसत्या हिशेबाच्या पद्धतीतूनही असा परिणाम उभा राहतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. दुसरीकडे नेदरलँड्समधील नव्वद लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदी तपासणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात थोरले भाऊ असलेल्या पुरुषांमध्ये समलिंगी विवाह वा नोंदणीकृत सहजीवन अधिक आढळले. मात्र तसेच स्त्रियांतही आढळले, आणि वाय गुणसूत्राच्या प्रथिनांवर उभ्या असलेल्या स्पष्टीकरणाला ही गोष्ट अवघड जाते. पहिल्या गरोदरपणापासून मातांचे रक्त तपासत राहून त्यांच्या सगळ्या मुलामुलींची मोठेपणीपर्यंत नोंद ठेवणारा अभ्यास झाला, तरच या कोड्याचा निकाल लागू शकेल.