'ग्ल'च्या पानावरचा उजेड

अप्पा बळवंत चौकातून परीक्षेसाठी आणलेल्या इंग्रजी शब्दसूचीत शब्द वर्णानुक्रमाने लावलेले असतात आणि त्यामुळे पाठ करणाऱ्याला एक गोष्ट अनायास दिसते: 'ग्ल'च्या पानावर उजेड फार. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट हे सारे चमकण्याचे प्रकार आणि ग्लान्स, ग्लिम्प्स हे पाहण्याचे. 'स्न'च्या पानावर घोरणारा स्नोअर, हुंगणारा स्निफ आणि जनावराच्या मुस्कटाचा स्नाउट, म्हणजे सगळा नाकाचा कारभार.

शब्दाचा ध्वनी आणि त्याचा अर्थ यांचे नाते यादृच्छिक, म्हणजे केवळ रूढीने ठरलेले असते, हे स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांचे १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आलेले प्रतिपादन आजही भाषाविज्ञानाच्या पायाशी आहे. तरीही असे गट दुर्लक्षिता येत नाहीत. लाहोरला इंग्रजी शिकवून परतलेले ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा ध्वनिगुच्छांना 'फोनेस्थीम' हे नाव दिले. 'ग्ल' या ध्वनीतच चमक आहे असे मानण्याचा मोह होतो, पण हातमोज्याला म्हणतात तो ग्लव्ह चमकत नाही आणि डिंकाचा ग्लू तर नाहीच.

मग असे गट जमतात कसे? उत्तराचा मोठा भाग वंशावळीत आहे. 'ग्ल'चे अनेक तेजस्वी शब्द 'चमकणे' या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय, म्हणजे इंग्रजी व संस्कृत यांच्या समान पूर्वज भाषेतल्या, धातूशी (मूळ शब्दाशी) जोडले जातात. गोल्ड आणि यलो त्याच कुळातले मानले जातात, तसेच संस्कृतातले हिरण्य व हरित, आणि म्हणून आपला हिरवा रंगही. मात्र सगळेच शब्द जन्माने गटात आलेले नाहीत. शिंकण्याचा स्नीझ जुन्या इंग्रजीत 'फ्न'ने सुरू होत असे. ती ध्वनिजोडी मागे पडल्यावर, पंधराव्या शतकाच्या सुमारास, तो नाकवाल्यांच्या पंगतीत येऊन बसला.

भाषेचे अभ्यासक बेंजामिन बर्गन यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंग्रजीभाषकांना क्षणभर एक शब्द दाखवून, पुढे आलेली अक्षरे हा खरा शब्द आहे का, हे विचारले होते. ग्लिटरनंतर ग्लो, अशा जोडीतला दुसरा शब्द, केवळ अक्षरे किंवा केवळ अर्थ जुळणाऱ्या जोड्यांतल्यापेक्षा लवकर ओळखला गेला. म्हणजे ही जवळीक केवळ कोशकारांच्या कागदावरची नाही.

मराठीत झगमग, झळाळी, झळकणे, झिलई असा गट लगेच सुचतो. पुण्यात १९३२ पासून निघालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात 'झ' काढून तो कुणीही तपासावा. मात्र मोजताना झोप, झाडू आणि झुरळही धरावे लागेल.