टोकियोच्या गल्लीतली खानावळ : ‘घरगुती’ चवीमागचा इतिहास

जपानमधल्या कुठल्याही शहरात रेल्वे स्टेशनाच्या मागच्या गल्लीत शिरलं की एखादं जुनं शोकुदो, म्हणजे साधी खानावळ, हमखास सापडतं. दारावर नोरेन, म्हणजे दुकान उघडं असल्याचा कापडी पडदा. काचेच्या कपाटात जेवणाच्या हुबेहूब नकला, उन्हाने रंग उडालेल्या. आत चार-पाच टेबलं, भिंतीवर हाताने लिहिलेल्या पदार्थांच्या पट्ट्या, कोपऱ्यात चालू असलेला टीव्ही. नवरा शेगडीपाशी, बायको वाढायला, म्हातारी आई गल्ल्यावर. भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, एक मुख्य पदार्थ, शिजवलेली एखादी भाजी आणि लोणचं असं ठरलेलं ताट समोर येतं, त्याला तेइशोकु म्हणतात. गिरणगावातल्या खानावळी ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. इथे लोक चैन म्हणून येत नाहीत, जेवायला येतात.

या जेवणाला जपानी माणूस ‘आईच्या हातची चव’ म्हणतो, आणि परदेशातले खवय्ये त्यावर ‘शेकडो वर्षांची परंपरा’ असा शिक्का मारून मोकळे होतात. इतिहास पाहिला तर गोष्ट बरीचशी उलटी दिसते. या ताटातले निम्मे पदार्थ घरात जन्मलेलेच नाहीत. ते दुकानांत, सैन्याच्या भटारखान्यांत आणि सरकारी अन्नछत्रांत घडले आणि मग घरात शिरले. घरगुती होतं ते दुकान चालवण्याचं गणित.

सुरुवात करायची तर १६५७ सालच्या आगीपासून करावी लागते. त्या वर्षी एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, निम्म्याहून अधिक भाग जळाला. शहर पुन्हा उभारायला सुतार, गवंडी, हमाल यांचे लोंढे आले. त्यांच्या मागे घर नव्हतं, चूल नव्हती. त्यात शोगुनच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, नियमाप्रमाणे प्रांतोप्रांतीचे सरदार आलटून पालटून एदोत राहायचे आणि त्यांच्याबरोबर आलेले सामुराई आपली बायकामुलं गावीच ठेवून यायचे. एदो हे एकट्या पुरुषांचं शहर झालं. आगीनंतर असाकुसाच्या देवळासमोर एका चहाच्या दुकानात चहाच्या पाण्यात शिजवलेला भात, टोफूचं सूप, शिजवलेल्या भाज्या आणि सोयाबीन असं एकत्र वाढायला सुरुवात झाली. ठरलेलं ताट विकण्याची ही पहिली नोंद मानली जाते. पुढे शिजवलेल्या भाज्या विकणारे ठेले आले, आणि एक वाडगा भात व सोबत काहीतरी देणाऱ्या स्वस्त भातखानावळी आल्या. सुशी आणि तेंपुरा हेही त्याच शहरातले, रस्त्यावर उभ्याने खायचे पदार्थ. त्यांना पुढे जगभर मान मिळाला. भातखानावळींच्या नशिबी ते भाग्य आलं नाही.

त्या काळचं ताट मात्र आजच्यासारखं नव्हतं. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने काही जनावरांचं मांस खाण्यावर बंदी घातली, तेव्हापासून पुढची हजार-बाराशे वर्षं मांसाहाराकडे निदान उघडपणे तरी नाक मुरडलं जाई. लोक चोरून खात, औषध म्हणून खात, तो भाग वेगळा. १८७२च्या जानेवारीत सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि वरूनच परवानगी मिळाली. पाश्चात्त्यांसारखं धडधाकट व्हायचं तर त्यांच्यासारखं खायला हवं, असा सरकारी विचार होता. सैन्य आणि नौदलाने तो मनावर घेतला. नौदलाच्या १९०८ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात करी-राइस आहे. ही करी हिंदुस्थानातून थेट आलेली नव्हती. ती इंग्रजांच्या डब्यातल्या करी पावडरीतून, पिठाने दाट केलेल्या रश्श्याच्या रूपात आली. आपला मसाला असा लंडनमार्गे योकोहामाला उतरला आणि तिकडे भाताबरोबर इतका मुरला, की आज करी-राइस नसलेलं शोकुदो शोधावं लागेल.

टोकियोच्या गिन्झा भागातल्या रेंगातेई या हॉटेलाने १८९९ मध्ये डुकराच्या मांसाचं कटलेट भरपूर तेलात तळून द्यायला सुरुवात केली, आणि त्यातून आजचा तोनकात्सु आला. सोबतची बारीक चिरलेली कच्ची कोबी कुठून आली? त्याची एक कथा सांगतात. रशियाशी युद्ध सुरू झालं, आचारी सैन्यात गेले, भाज्या शिजवून सजवायला हात उरले नाहीत, म्हणून कोबी चिरून तशीच वाढली. कथेची शपथ मी घेणार नाही, पण माणसं कमी पडली की ताट बदलतं हे सूत्र या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतं.

१९१८च्या उन्हाळ्यात तांदळाचे भाव भडकले. तोयामाच्या किनाऱ्यावरच्या कोळणींनी तांदूळ बाहेरगावी जाऊ द्यायला विरोध केला, आणि पाहता पाहता देशभर दंगली पेटल्या. पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. त्या धक्क्यानंतर ओसाका आणि टोकियोसारख्या शहरांनी सरकारी खर्चाने स्वस्त भोजनालयं उघडली. ठरलेलं ताट, ठरलेली किंमत, रांगेत उभं राहून जेवायचं. मजुराबरोबर कारकूनही तिथे येऊ लागला. बाहेर जेवणं ही लाजेची किंवा उधळपट्टीची बाब राहिली नाही, ती इथून.

पुढचा घाव १ सप्टेंबर १९२३चा. भूकंप दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना झाला. घराघरांत चुली पेटलेल्या होत्या. लाकडी शहर पेटलं आणि लाखभर माणसं गेली. राखेतून शहर पुन्हा उभं राहताना जेवणाची गरज तीच, १६५७ सारखी. १९२४ मध्ये टोकियोच्या कान्दा भागात सुदाचो शोकुदो उघडलं आणि करी, कात्सु, कोरोक्के (बटाट्याचं तळलेलं कटलेट) असे ‘साहेबी’ पदार्थ कामगाराच्या खिशाला परवडतील अशा दरात देऊ लागलं. त्याच्या शाखा भराभर निघाल्या. गल्लीबोळांतल्या छोट्या दुकानदारांनी तोच नमुना उचलला, फक्त शाखांच्या जागी स्वतःचं घर वापरलं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. काचेच्या कपाटातल्या मेणाच्या नकलाही याच काळात रुळल्या. १९३२ मध्ये ओसाकात त्यांचा रीतसर धंदा सुरू झाला. ज्याने आयुष्यात कधी कोरोक्के पाहिलेलं नाही, त्याला ते दाखवल्याशिवाय विकणार कसं?

युद्धाने हे सगळं मोडलं. एप्रिल १९४१ पासून मोठ्या शहरांत तांदूळ रेशनवर आला, मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३३० ग्रॅम. बाहेर जेवायचं तर तेवढं रेशन सोडून कुपनं घ्यायची आणि मान्यता मिळालेल्या शोकुदोत ती मोजून द्यायची. युद्ध संपल्यावर हाल वाढले. १९४७च्या जुलैत तर सरकारने कुपनवाली भोजनालयं, प्रवाशांच्या मुक्कामाची निवासस्थानं आणि चहा-कॉफीची दुकानं वगळता बहुतेक हॉटेलं बंद करायला लावली. अर्थात मागच्या दाराने सगळं चालू होतं. काळ्या बाजारातला तांदूळ खाणार नाही असा निश्चय केलेले टोकियोचे एक न्यायाधीश, यामागुची योशितादा, त्याच वर्षी कुपोषणाने गेले. कायद्याप्रमाणे जगणं तेव्हा शब्दशः अशक्य होतं. कुपनांची ही पद्धत कागदोपत्री १९६९ पर्यंत जिवंत होती, तोवर तांदळाची कोठारं भरून वाहू लागली होती.

आज आपण ज्याला जुनं, अस्सल शोकुदो समजतो ते बहुतांशी यानंतरचं, १९५० आणि ६० च्या दशकांतलं. ५ एप्रिल १९५४ रोजी आओमोरीहून टोकियोच्या उएनो स्टेशनाकडे एक खास गाडी निघाली. तिच्यात शाळा संपवून कारखान्यांत, दुकानांत कामाला निघालेली पंधरा वर्षांची पोरं होती. अशा गाड्या पुढे वीस वर्षं येत राहिल्या. या पोरांना राहायला साडेचार ताटामी, म्हणजे गवती चटया, मावतील एवढी खोली मिळायची, म्हणजे जेमतेम ऐंशी चौरस फूट. अंघोळीला सार्वजनिक स्नानगृह आणि जेवायला कोपऱ्यावरचं शोकुदो. तिथली मालकीण त्यांची नावं, गावं, पगाराची तारीख ओळखून असायची. ‘आईच्या हातची चव’ हा शब्दप्रयोग ६० आणि ७० च्या दशकांत फोफावला याचं नवल वाटायला नको. ज्यांची आई सातशे किलोमीटरवर राहिली, त्यांनाच त्याची गरज होती. निकुजागा, म्हणजे गोडसर सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस आणि बटाटा, हा त्या चवीचा मानबिंदू मानतात. त्याचं मूळ नौदलाच्या जेवणात असल्याचं सांगतात, आणि त्याच्या जन्मस्थानाचा मान आपलाच म्हणून माइझुरू आणि कुरे ही नौदलाची दोन बंदरं भांडत असतात. दोघांपैकी कुणाच्याही आईचा त्यात हात दिसत नाही.

या दुकानांतले पदार्थ कसे ठरले, ते साबा-मिसोनीवरून कळतं. साबा हा बांगड्याच्या जातकुळीतला स्वस्त, तेलकट मासा. तुकडे करून त्यांवर आधी उकळतं पाणी ओततात, म्हणजे वशेळा वास जातो. मग साके (तांदळाची दारू), साखर आणि आल्याच्या चकत्यांत शिजवायचा. मिसो शेवटाकडे घालायचं, कारण फार उकळलं की त्याचा गंध उडतो. हा मासा पातेल्यात पडून राहिला की अधिक मुरतो. म्हणजे सकाळी नऊला करून ठेवा, बाराच्या गर्दीत नुसता वाढा. किनपिरा, म्हणजे परतलेलं गाजर आणि गोबो नावाचं मूळ, तेही तसंच. लोणच्यासाठी ठेवलेल्या तांदळाच्या कोंड्यात रोज हात घालून ढवळलं की काकडी-मुळा आपोआप तयार होतात. शेगडीवर आयत्या वेळी करायचं ते एखादंच, डुकराच्या मांसाचे पातळ काप आल्याच्या रसात परतणं किंवा चिकन तळणं. दोन माणसांनी चाळीस जणांना तासाभरात जेवू घालायचं असेल तर ताट असंच आखावं लागतं. चव त्याच्या पोटातून येते. लोक तिला साधेपणा म्हणतात, मला तर ती वेळापत्रकाची करामत वाटते.

१९७० मध्ये टोकियोच्या पश्चिम उपनगरात स्कायलार्कचं पहिलं कौटुंबिक हॉटेल निघालं, १९७१ मध्ये गिन्झात मॅकडोनाल्ड्स, १९७४ मध्ये तोयोसूला पहिलं सेव्हन-इलेव्हन. शोकुदोचं गिऱ्हाईक तिन्हीकडून पळवलं गेलं. खोल्यांत स्वयंपाकघरं आली, कारखाने शहराबाहेर गेले. जी तगली ती जागेचं भाडं नसल्यामुळे आणि घरच्यांच्या मजुरीचा हिशेब कुणी कधी मांडला नाही म्हणून. त्यात आजीची आणि सुनेची मजुरी सर्वांत स्वस्त होती, हे गोड आठवणींत कुणी लिहीत नाही.

ओओतोया या खानावळींच्या साखळीची कहाणी या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९५८ मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरोत ‘सगळं ५० येनला’ देणारं एक शोकुदो निघालं. मालकाच्या दत्तक मुलाने त्याची शेकडो दुकानांची साखळी केली, बायकांना एकटीने येऊन जेवता येईल अशी स्वच्छ, उजेडाची. अभिमान एकच, सगळं दुकानातच शिजवायचं. २०१९ मध्ये त्याच्या वारसांनी आपले समभाग कोलोवाइड या मोठ्या कंपनीला विकले. मध्यवर्ती कारखान्यात तयारी करून दुकानांत पाठवा, खर्च वाचेल, असं कोलोवाइडचं म्हणणं होतं. व्यवस्थापनाने नकार दिला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोलोवाइडने त्यांचा विरोध मोडून ताबा मिळवला. कांदा कुठे चिरायचा यावरून शेअर बाजारात लढाई झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

घरच्यांनी चालवलेल्या छोट्या जागेचा हा साचा बाहेरून आलेल्यांनीही उचलला आहे. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला, २००० च्या आसपासपासून आयटीतल्या भारतीयांची वस्ती वाढली. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नगरसभेवर निवडून आलेले मराठी माणूस योगेंद्र पुराणिक यांच्या कुटुंबाने त्याच भागात घरगुती भारतीय जेवणाचं छोटं हॉटेल चालवलं.

मधल्या काळात जपानी खाद्यसंस्कृतीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. त्या कौतुकाचा फायदा किमती कपबशांच्या हॉटेलांना झाला, तोनकात्सु तळणाऱ्या काकांना नाही. त्यांच्या वाट्याला २०१९ मध्ये उपभोग कराचे दोन दर आले, बसून खाल्लं तर १० टक्के आणि बांधून नेलं तर ८. मग करोना. २०२३च्या ऑक्टोबरपासून नवी बिलपद्धत, जिच्यामुळे करातून सूट असलेल्या छोट्या दुकानदारांची पंचाईत झाली. २०२५च्या वसंतात पाच किलो तांदळाचा भाव ४,००० येनच्या वर गेला, वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. ज्या ताटात दुसरा वाडगा भात फुकट मिळायचा, तिथे त्याचे पैसे घ्यायची वेळ आली.

तरी भावापेक्षा मोठा प्रश्न वारसाचा आहे. मालक सत्तरीत, मुलगा कुठल्याशा कंपनीत नोकरीला. सरकारने २०११ पासून धंदे दुसऱ्याच्या हाती सोपवायला मदत करणारी केंद्रं काढली, आता ती प्रत्येक प्रांतात आहेत. छापखाना किंवा यंत्रांचा कारखाना तिथे विकला जातो. शोकुदोचं जमणं कठीण, कारण वरच्या मजल्यावर म्हातारं जोडपं राहतं आणि त्यांच्या खोलीत जायचा जिना स्वयंपाकघरातून जातो. भाडं आणि दोन पगार धरून कुणी परका हिशेब मांडायला बसला, तर तेच ताट त्या किमतीत बसत नाही.